भिवाकाका पाय धुतात

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात गोदामं उभी राहत होती, तेव्हा भिवाकाका साळवे आमच्या कंपनीत स्कॅफोल्डिंगचे फोरमन होते. त्यांचं "यल्ला!", म्हणजे अरबीत "चला, आटपा!", ऐकून शेजारच्या साइटवरचे लोकही कामाला लागत. मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मन लोण्याचं, पण लोणी फ्रीजमधलं. वितळायला वेळ लागे.

त्या वर्षी ईस्टरच्या आधी त्यांनी रोशनला आईवरून शिवी दिली. रोशन लांज्याचा, तिशीतला फिटर. सेफ्टी बेल्ट न अडकवता वर चढला होता, म्हणजे ओरडणं रास्तच होतं. पण शिवी सगळ्यांसमोर दिली. रोशनने बोलणं बंद केलं.

इकडे काकांची पंचाईत झाली. गावच्या पाळकांनी लहानपणीच डोक्यात भरवलं होतं, की पहिल्या काळातले ख्रिस्ती लोक घराघरांत जमत, आणि आपसातलं भांडण मिटवल्याशिवाय प्रभूच्या भाकरीला हात लावत नसत. ईस्टरचं प्रभुभोजन तोंडावर आलेलं, आणि सॉरी म्हणायला काकांची जीभ वळेना. शिव्यांना बरी वळायची.

गुरुवारी संध्याकाळी काका कमरेला टॉवेल गुंडाळून, बादली घेऊन कॅम्पवरच्या आमच्या खोलीत शिरले. "आज माझ्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते. चला, पाय पुढे करा."

खोलीत पळापळ झाली. वडीलधाऱ्याने पायाला हात लावायचा? सगळ्यांनी पाय चादरीत घेतले.

"काका, मी आत्ताच नमाजासाठी वजू करून आलो," दापोलीचा यूनुस म्हणाला. "माझे पाय दिवसातून पाच वेळा धुतले जातात. गरजूंना बघा."

काका रोशनच्या बंकखाली जाऊन उभे राहिले. रोशन वर मांडी घालून बसला होता.

"खाली ये."

"नाही. तुम्ही बापाच्या वयाचे. मला पाप लागेल."

"प्रभूचा शिष्य पेत्रही असाच अडून बसला होता!" काका खूश झाले. "प्रभूने त्याला बरोबर पटवलं."

"तुमचा प्रभू पेत्राला आईवरून बोलला होता का?"

 काकांनी बादली खाली ठेवली.

"नाही," काका म्हणाले. "मी बोललो. चुकलो."

रोशन खाली उतरला. पण बादली त्याने स्वतःकडे ओढली. "आधी तुमचे. मोठ्यांचे पाय धुवायची आमच्याकडे रीत आहे."

"छे! माझे कशाला? धुणारा मी!"

"वा!" यूनुस म्हणाला. "नम्र व्हायचा ठेकाही फोरमनकडेच? बसा, हबीबी."

काका बसले. बूट काढताच यूनुसने खिडकी उघडली. टाचांना भेगा, अंगठ्याला कुरूप, आणि रोशनचा हात लागताच गुदगुल्या इतक्या, की एवढा मोठा माणूस "अगं आई गं" करत हसत सुटला. हसता हसता डोळे कधी भरले ते त्यांनाही कळलं नाही.

मग ते गुडघे टेकून खाली बसले. साइटवर ज्यांच्या नजरेला नजर द्यायची कुणाची छाती नव्हती, ते मान खाली घालून फिटरचा पाय तळहातावर घेऊन चोळत होते. मी आयुष्यात खूप पूजा पाहिल्या. एवढं मन लावून धुतलेला देव पाहिला नाही.

"काका," रोशन आठवड्याने पहिल्यांदा हसून म्हणाला, "बोटांच्या मधे राहिलंय. यल्ला."