तिनं घेतली, असं मी सांगितलं

मी गावचा कोतवाल होतो. शिक्षण चौथी, पण आवाज दांडगा. दवंडीची हलगी बापानं सोडली ती सोडलीच. मी नुसत्या तोंडानं हाळी द्यायचो. रिटायर झालो तरी काही सांगायचं असलं की गाव मलाच बोलवायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या खर्ड्याकडच्या गावात लस आली. शाळेत टेबलं मांडली, नर्सबाई येऊन बसली, पण आमच्या वस्तीतलं कुणी फिरकेना. लस घेतली की माणूस मरतं, अशी आवई उठली होती. लसीची यादी ठेवणारी आशाताई माझ्या दारात आली.

"बाबा, माझं कुनी ऐकत न्हाई. तुमी हाळी द्या."

मी दिली. स्वतः टोचूनही घेतली. बायकोला मात्र नेलं नाही. तिला शुगर होती, आणि शुगरवाल्याला लस सोसत नाही असं पारावर ऐकलं होतं. नर्सबाई समोर बसलेली, तिला विचारावं एवढी अक्कल झाली नाही.

वस्तीच्या तोंडाशी माझी म्हातारी चुलती ओट्यावर बसायची. सगळ्यांदेखत म्हणाली, "लई वरडतुयास रं. तुझ्या कारभारनीनं घेतली का? का आमीच सस्ते हाय मराया?"

माणसं हसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "घेतली की! सगळ्यात आधी तिनंच घेतली."

चुलती काठी टेकत उठली. तिच्यामागं दहा-बारा बाया निघाल्या. शाळेच्या दारात आशाताईनं मला हात जोडले, आणि मी ते आभार घेतले.

घरी बायको म्हणाली, "समदं गाव घेतंय. आता तरी मला जाऊ द्या."

"आता कशी जातीस? रांगेत दिसलीस तर माझं खोटं उघडं पडंल. दुसऱ्या डोसाच्या गर्दीत जा, कुनाला कळनार न्हाई."

"तुमच्या तोंडापायी मी घरी बसू व्हय?" म्हणाली, आणि बसली.

दुसऱ्या डोसाच्या आधीच तिला ताप आला. नगरला नेईपर्यंत धाप लागली. आठव्या दिवशी गेली. प्लास्टिकात गुंडाळून दिली. तोंडसुद्धा नीट बघता आलं नाही. लस घेतली असती तर वाचली असती का, ते डॉक्टरही सांगू शकत नाही. पण तिला लसीला जायचं होतं, आणि अडवलं मी.

पुढं दुसऱ्या डोसाला शाळेत परत टेबलं मांडली. वस्तीतून एक माणूस येईना. आशाताई आली.

"बाबा, लोक म्हनत्यात कोतवालाच्या बायकोनं लस घेतली अन् मेली. पर माझ्या यादीत तर त्यांचं नावच न्हाई."

 ती निघून गेली. दोन दिवस मी दार लावून बसलो. बायको गेल्याचं दुःख होतंच. पण खरं सांगतो, दार लावलं होतं ते लाजेनं.

तिसऱ्या दिवशी चुलतीच्या ओट्यापुढं जाऊन उभा राहिलो. "तिनं लस घेतली नव्हती. मी खोटं बोललो."

 चुलती म्हणाली, "असं पुटपुटू नगं. त्या दिशी वरडलास तसं वरड."

मी ओरडलो. दारं उघडली, बाया बाहेर आल्या. पुढच्या बोळात जाऊन परत ओरडलो. असं वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत, बायकोचं नाव घेऊन.

माघारी आलो तेव्हा चुलती काठी टेकत शाळेकडं निघाली होती. माझ्या अंगावरून गेली. बोलली नाही. अजून बोलत नाही.