बाप शेवटी

दोष सरळ माझ्या बापाचा, म्हणजे अण्णांचा. आधी ऐका, मग ठरवा. पण ठरवाल ते माझ्या बाजूनं ठरवा राव.

अण्णा चाकणच्या एका कंपनीत गेटवर सुपरवायझर. दिघीतल्या आमच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय पंख्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. मेकॅनिकलला मी त्यांना विचारून गेलो आणि दुसऱ्या वर्षी न विचारता सोडलं. मग मित्राच्या लॅपटॉपवर जावा शिकलो, चिंचवडच्या एका ऑफिसात ट्रायलवर लागलो. तेही अण्णांच्याच शब्दावर. त्यांच्या गेटपासचं ॲप्लिकेशन आमचं ऑफिस सांभाळायचं ना. महिनाअखेरपर्यंत काही बिघडवलं नाही, तर मला कायम करणार होते.

आमच्या प्राची मॅडमनी सर्व्हर समजावला. म्हणाल्या, इमारत समज. वरच्या मजल्यावर सर्व्हरचं सामान, खाली आपलं ॲप्लिकेशन. खालच्याला कोडचा एखादा तुकडा लागला की त्यानं आधी वर विचारायचं. वरच्याला पेरेंट म्हणतात. तोही त्याच्या वरच्याला विचारणार. कुणाकडेच नसेल, तरच खालच्यानं स्वतःची पेटी उघडायची.

"म्हणजे इथंही बापाला विचारूनच?"

मॅडम हसल्या. उलटं करायची सेटिंग असते म्हणाल्या, 'पेरेंट लास्ट'. आधी आपली पेटी, बाप शेवटी. "पण तू हात लावू नकोस."

आता मला सांगा, हे असल्या पोराला सांगायचं असतं का?

दुपारी जेवण झालेलं, एसीची घरघर, समोरचा स्क्रीन पाण्यासारखा हलायला लागला. आणि मला ती इमारत दिसली. ढगात. खाली सगळी पोरं आपापल्या पेट्या उघडून बसलेली, पेट्यांतून कापसासारखं काहीतरी तरंगत वर निघालेलं. गच्चीवर जगभरातले बाप ओळीनं पाय सोडून बसलेले. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. अण्णाही होते. तोंड उघडायचे, आवाज यायचा नाही. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

भानावर आलो तेव्हा सेटिंग बदलून सर्व्हर रीस्टार्ट झालेला. हात माझेच; मी गच्चीवर होतो.

अण्णांचा फोन आला. "पास निघंना. ट्रकची लाइन कुरुळीपातूर गेली हाय. तू काय केलंस का?"

"नाही."

"मग आपोआप बिघाडलं व्हय?"

फोन ठेवतो तर मॅडम मागे उभ्या. काय बदललंस म्हणून विचारलं.

"काही नाही. बापाला शेवटी ठेवलं."

त्यांनी आत पाहिलं. आपल्या ॲप्लिकेशनच्या पेटीत कुणीतरी टाकून विसरलेला जुनाट कोड पडलेला. त्याच कोडची नवी आवृत्ती वरच्याकडे. इतके दिवस वरचा बाप मुकाट आपला नवा देत होता, म्हणून पास निघत होते. मी खालच्या पोराला म्हटलं, उघड तुझी पेटी. त्यानं उघडली, आत सगळं सडकं.

मॅडमनी सेटिंग उलटवली, ट्रक हलले. अण्णांचा पुन्हा फोन. आता खरं सांग म्हणाले, कुणाचं काम? मी म्हटलं, माझं.

हॉर्नच्या गोंगाटात अण्णा म्हणाले,

"हितल्या साहेबानं मला तेच विचारलं. मी छाती ठोकून सांगितलं, माझ्या पोराचं काम न्हाई. त्याला एवढं कुठं येतंय."

वाचवायचं तर नीट वाचवावं की नाही माणसानं?

माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली.