डागांची झूल

भांडेवालीनं फ्रॉक दोन्ही हातांनी उन्हाकडे धरला, आरपार पाहिलं आणि माझ्या मांडीवर परत टाकला. "याले कोन घेईन वो बाई? डागच डाग हायेत."

दर उन्हाळ्यात ती स्टीलच्या भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन नाचणगावात आमच्या गल्लीत यायची. जुने कपडे द्यायचे आणि त्यावर डबा नाहीतर गंज, म्हणजे पातेलं, घ्यायचं. आमचा ओटा सावलीचा, म्हणून शेजारच्या साऱ्याजणी तिथंच जमायच्या. थोरल्या जाऊबाईंच्या साड्या तिला लगेच पसंत पडल्या. माझ्या गाठोड्यातलं मात्र तिनं काहीच घेतलं नाही.

त्या गाठोड्यात माझ्या दोन मुलींचे, त्यांना आखूड झालेले कपडे होते. माझं माहेर भाजी पिकवणारं. मुली सगळी सुट्टी आजोबांच्या वाडीत काढायच्या. जांभळाखाली बसून तोंडभर जांभळं खायच्या, केळीच्या खुंटावर घोडा-घोडा खेळायच्या, आजोबांच्या सायकलची चेन उतरली की दोघी मिळून चढवायच्या. हे सगळं त्यांच्या फ्रॉकांवर उमटलेलं होतं. साबण, लिंबू, रॉकेल, कडक ऊन, मी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. केळीचा चीक तर धुवावा तितका काळा पडत जातो.

"पोतेरं कर त्याचं," जाऊबाई हसत म्हणाल्या. "सारवाले कामी येईन."

बायका हसल्या. जाऊबाईंच्या मनात काही नव्हतं, आमच्याकडे फाटक्या-डागाळलेल्या कपड्यांचं तेच होत आलेलं. पण ज्या झबल्यात थोरली पहिल्यांदा भिंत सोडून चालली, ते शेणात बुडवायला माझा हात धजेना. मी गाठोडं बांधलं आणि पुन्हा संदुकीत टाकलं.

पोळा जवळ आला तशी थोरली माझ्या मागे लागली. "मले माहा बैल पाहिजे."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून मारुतीच्या पारापाशी आणतात, सजावटीला बक्षीस असतं, मग घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. घरात बैल होता तो जाऊबाईंच्या मुलाचा, मखमली झूल घातलेला. माझ्या मुली आजवर त्याच्यामागून चालत. यंदा थोरली ऐकेना. माझ्या वडिलांच्या कानावर गेलं आणि त्यांनी भाजीच्या पोत्यात घालून माझ्या भावाच्या लहानपणचा बैल पाठवला. रंग उडालेला, पाठ उघडी.

आमच्या यांचं पुलगावात कटलरीचं दुकान. "बाजारातून चमकीची झूल आणून देतो," हे म्हणाले.

"नका आणू. मी शिवते."

मी असं का म्हणाले ते मलाही नीट कळलं नाही. दुपारी मशीन ओट्यावर ओढली, गाठोडं सोडलं आणि कात्री घेऊन डाग कापून टाकायला लागले. चांगल्या कापडाचे तुकडे इवलेसे निघत होते. एका अख्ख्या फ्रॉकातून तळहाताएवढा. डागांचा ढीग वाढला आणि झुलीचं कापड काही पुरं पडेना. मी रडायच्या बेतात आले.

थोरली शेजारी येऊन बसली. तिनं माझा हात धरला. "आई, हे काऊन कापून राह्यली? हे तं पान हाये!"

केळीच्या चिकाचा डाग होता. तिनं पेनानं त्याच्याभोवती रेघ ओढली, मधे एक शीर काढली. खरंच पान झालं. मी हिरवा दोरा ओवून त्या रेघेवर साखळी टाका घातला. मग कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. टाकून दिलेले डाग ढिगातून परत उचलले. जांभळाचे शिंतोडे द्राक्षांचा घोस झाले. माझ्या भावाच्या लग्नातल्या वरणाचा पिवळा डाग सूर्य झाला. चेनीच्या तेलाच्या काळ्या फराट्याचं काय करावं कुणाला सुचेना, तेव्हा धाकटी म्हणाली, "कावळा," आणि त्याला चोच काढायला लावली. झबल्याचा तुकडा मी मधोमध लावला, बैलाच्या पाठीच्या कण्यावर.

तान्ह्या पोळ्याला पारापाशी नुसती चमक होती. बेगड, मखमल, आरसे. आमचा बैल त्यात साधा दिसत होता. परीक्षक होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. एकेक बैल पाहत त्या आमच्यापाशी आल्या, पुढे गेल्या, परत वळल्या. चष्मा लावून खाली वाकल्या.

"हे कोणी शिवलं गं?"

"आईनं," थोरली म्हणाली. "पन डाग आमचे हायेत."

आजूबाजूचे हसले. बाई हसल्या नाहीत. "कोणता कशाचा, मला सांग बरं."

आणि माझी पोर सांगत सुटली. हा आजोबाच्या सायकलचा. हा जांभळाचा, त्या दिवशी धाकटी झाडावरून उतरेच ना. हा वरणाचा, मामाच्या लग्नातला, तिथं पत्रावळ उलटली. लोक जवळ सरकले. मागच्यांना दिसेना म्हणून बाईंनी बैल उचलून टेबलावर ठेवायला लावला. धाकटी मधेच ओरडली, "कावळा माहा हाये!" तेव्हा सारा पार खदखदून हसला, आणि त्या हसण्यात आता मीही होते.

पहिलं बक्षीस आमच्या बैलाला मिळालं. कंपास पेटी आणि नारळ. नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या जाऊबाईंनी. घरी येताना त्या माझ्या बरोबरीनं चालत होत्या. मला म्हणाल्या, "माह्या पोराचे शाईचे शर्ट हायेत वो संदुकात. त्याचं काई होईन का?"

"शाईचा मोर होईन, ताई," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी राखीपासूनच आमच्या ओट्यावर गाठोडी यायला लागली. कुणाचं आंब्याच्या रसाचं, कुणाचं काळ्या मातीचं, कुणाचं औषधाचं. मुलं डागांना नावं द्यायची, आया टाके घालायच्या, मी मशीन चालवायची. धाकटीनंही स्वतःचा बैल मिळवला. त्या वर्षी पारापाशी मखमल शोधावी लागली असती. जाऊबाईंच्या मुलाचा मोर पहिला आला आणि माझ्या मुलींनी त्या चुलतभावालाच खांद्यावर घ्यायचा हट्ट धरला. तो वजनदार निघाल्यामुळे तेवढं जमलं नाही.

बोजारा मागत निघालेली ती रांग आमच्या गल्लीत पोचायला संध्याकाळ झाली, कारण दर दारात कुणीतरी बाई बैल अडवून झुलीवर बोट ठेवत होती आणि विचारत होती, "हा कोनाचा वो डाग?"