माझ्या बाईला शेंदूर फासला

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय.

रझाकारांच्या काळात रानात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवणाऱ्या आमच्या गावच्या बाईचं शिल्प मी केलं. चौथरा मुद्दामच केला न्हाई. भेगाळलेल्या टाचांचे पाय पसरून ती लिंबाखाली जमिनीवरच बसलेली. खुरपणीच्या बायका दुपारी तिला टेकून भाकर खायच्या. मला तेच पाहिजे होतं.

आज बघतो तर अंगभर शेंदूर, चांदीचे डोळे, भोवती कठडा!

"देवीला तुमी खाली बसवलं काहून?" सरपंच मलाच विचारून राहिले.

खुरपणीच्या बायका चपला काढून लांबूनच पाया पडल्या आणि उन्हात बसून जेवल्या.

जिनं भुकेल्यांना भाकर पोचवली, तिच्याच सावलीतून बायकांना उठवलं. पाया पडल्याबिगर आपल्याला माणसाच्या शेजारी बसताच येत न्हाई का?