सव्वा तासाचा अप्पा

मागच्या भाद्रपदात मी साधारण सव्वा तास मेलेला होतो. दुपारी बारा ते सव्वाएक. त्या वेळात मी चार वडे, दोन वाट्या खीर आणि जन्मात कधी तोंडाला न लावलेली कारल्याची भाजी खाल्ली. म्हणजे मेल्यावर माणसाची भूक वाढते, हे मी अनुभवानं सांगू शकतो.

सुरुवात झाली बबनच्या फोननं. बबन हा माझ्या बायकोचा, सुनंदाचा, मावसभाऊ. पोखर्णीच्या अलीकडं त्याचं गाव. त्याचे वडील, म्हणजे सुनंदाच्या मावशीचे मालक अप्पा, वारले त्याला वर्ष होऊन गेलं होतं. वर्षश्राद्ध उरकलं होतं आणि आता पहिलंच पित्तर आलं होतं. आमच्याकडं पितृपक्षात मेलेल्या माणसाच्या तिथीला एका जिवंत माणसाला पाटावर बसवतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, मेलेल्याच्या आवडीचं पोटभर वाढतात. तो जेवला की मेलेला जेवला.

"दाजी, ह्या बारीला पित्तर तुमी बसा," बबन म्हणाला.

"मी? अरे, तुमच्या भावकीत म्हाताऱ्यांचा काय दुष्काळ पडलाय?"

"म्हातारे लय हायेत. पण अप्पाच्या मापाचं कुणी न्हाई. तुमची उंची तीच, पोट तेच, टक्कल बी तिथूनच सुरू व्हतंय."

(मृत माणसाशी इतकं साम्य असल्याबद्दल आभार कसे मानतात, हे मला अजून कळलेलं नाही.)

खरं कारण वेगळंच होतं. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आणखी थांबलात तर एक डोळा हातचा जाईल. मावशी चहात साखरेच्या जागी मीठ घालायची, तिथपर्यंत घरच्यांनी हसून प्यायलं. पण आदल्या आठवड्यात ती विहिरीच्या काठावर उभी राहून ओट्याची पायरी पायानं चाचपत होती! सुनेनं मागून लुगड्याचा सोगा धरला म्हणून वाचली. तरी ऑपरेशनला तयार होईना. कारण अप्पा. अप्पांच्या वडिलांचा डोळा कधीकाळी असल्याच ऑपरेशनमध्ये गेला होता. तेव्हापासून अप्पांनी घरात हुकूम काढला होता, की डोळ्याला सुरी लावायची न्हाई. मी असेपर्यंत न्हाई, आणि मी गेल्यावर बी न्हाई. आणि चाळीस वर्षांत मावशीनं अप्पांचा शब्द एकदाही मोडला नव्हता. त्यांचं नावसुद्धा तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलं नव्हतं.

"जेवताना माय तुमाला इचारील, डोळ्याचं करू का म्हणून. तुमी फक्त म्हणायचं, 'कर'. बास! दोन अक्षरं."

"पण मावशीला माहीत नाही का मी कोण आहे ते?"

बबन हळूच म्हणाला, "म्हाईत हाय की. पण पाटावर बसल्यावर तुमी दाजी नसता ना."

मानवतला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाणबुडी मोटारीच्या पोटातली तार काढायची आणि नवी भरायची, हा धंदा. दोन दिवस मी दुकानात बसून "कर! कर!" असा सराव करत होतो. एका गिऱ्हाईकानं "करायलाव तर तुमीच ना, मला कामून दरडावता?" म्हणून मोटार उचलून नेली.

पित्तराच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की अंगणात कशाचीच सावली दिसत नव्हती. ओसरीत पोचलो तर बबन, जो एरवी मला पाहताच "या दाजी, मोटारीचा जरा आवाज यायलाय, बघता का?" म्हणून थेट शेतात नेतो, तो एक शब्द न बोलता परात घेऊन आला. माझे पाय धुतले. पुसले. आणि पायांवर डोकं ठेवलं. मी गमतीनं "अरे, गुदगुल्या होतात!" म्हणणार होतो, पण तो डोकं वर उचलेना.

मग त्यानं अप्पांची पांढरी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मला बाजारातली एकही टोपी कधी बसत नाही. ही बसली. अशी बसली, जशी माझ्याच डोक्यावर धुऊन वाळवली होती. आत तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा वास होता.

"बसा, अप्पा," बबन म्हणाला.

आणि मी बसलो. बसताना डावा गुडघा धरून "आई गं" म्हणालो. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातली पळी थांबली. कारण माझा दुखतो तो उजवा. डावा अप्पांचा दुखायचा.

मग एकेक जण ओसरीवर येऊन मला बातम्या देऊ लागला.

"अप्पा, काळी गाय याली. कालवड झाली."

"अप्पा, बांधावरची बाभळ तोडली न्हाई बरं का. तुमी म्हणलं तशीच ठिवली."

मी मान डोलवत होतो. सांगतो ते खोटं वाटेल, पण बाभळ शाबूत आहे म्हटल्यावर मला खरंच बरं वाटलं! ती बाभळ मी आयुष्यात पाहिलेली नाही.

शेजारचे नामदेवतात्या, अप्पांचे लंगोटीयार, काठी टेकत आले आणि समोर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "तू गेल्यापून पारावर मला शिव्या द्याया कुणी न्हाई रे."

"मंग गप घरी बस की, टोणग्या! कशाला पारावर मरायला जातूस?"

हे कोण बोललं म्हणून मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. माझं वय बावन्न आणि तात्यांचं पंच्याहत्तर. मी त्यांना आजवर "नमस्कार" सोडून दुसरा शब्द बोललेलो नाही. आणि तात्या? तात्या डोळे पुसत हसत होते. "हां! आता कसं बरं वाटलं!"

ओसरीत कुणीच दचकलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

मी स्वतःला सावरायचा प्रयत्न केला. मनाशी म्हटलं, गड्या, तू मानवतचा रिवायंडिंगवाला. सुनंदाचा नवरा. बबनचा दाजी. पण मग लक्षात आलं, की यातलं माझं मी काहीच ठरवलेलं नाही! दुकानात लोक "मिस्त्री" म्हणतात म्हणून मी मिस्त्री, इथं "दाजी" म्हणतात म्हणून दाजी. आणि आता वीस माणसं एका सुरात "अप्पा" म्हणत होती. वीस विरुद्ध एक! सगळ्या हाका काढून घेतल्या तर आत खास माझं असं काय उरतं म्हणून बघितलं, तर थोडी आम्लपित्ताची तक्रार सापडली. बाकी नुसती रिकामी बॉडी. जो येईल त्यानं आपली तार भरावी.

तेवढ्यात अंगणातला म्हातारा कुत्रा उठला. अप्पा गेल्यापासून तो ओसरी चढला नव्हता म्हणतात. तो सावकाश पायऱ्या चढून आला, माझी टाच हुंगली आणि माझ्या मांडीला पाठ लावून झोपला. मला कुत्र्यांची भयंकर भीती वाटते. मी त्याच्या कानामागं खाजवत होतो.

पत्र्यावर कावळ्यासाठी घास ठेवून बबन "काव, काव" करून दमला होता. एक पाखरू फिरकत नव्हतं. सगळे वर पत्र्याकडं बघायचे आणि मग खाली माझ्याकडं. एकाच वेळी अप्पा वर कावळा होते आणि खाली मी, आणि दोघंही कामाला लागत नव्हते.

मग मावशी आली. भिंतीवरून हात फिरवत, पदर कपाळाच्याही खाली ओढून. तिला ताट दिसणं शक्य नव्हतं. पण खाली वाकून तिनं खिरीची पळी धरली ती बरोबर माझ्या वाटीवर. एक थेंब बाहेर नाही. चाळीस वर्षं ती वाटी तिथंच असायची. आणि माझा हात, पळी अर्धी रिकामी होताच, आपोआप आडवा झाला. "बास" म्हणायची अप्पांची तीच रीत होती, हे मला नंतर कळलं.

मावशी खाली बसली.

"आवं," ती जमिनीकडं बघत म्हणाली, "पोरं म्हणायलेत, डोळ्याचं करून घे. काय करू म्या?"

बबननं माझ्याकडं बघून ओठांनीच आकार केला. 'कर'. दारातून सुनंदानं केला. 'कर'. मी श्वास घेतला. घशात कफ नव्हता, तरी दोनदा खाकरलो. तोंड उघडलं. आणि त्यातून आलं,

"न्हाई म्हणलं म्हंजी न्हाई, सोनपेठकरीण!"

आतमध्ये कुणाच्या तरी हातून परात पडली. ती बराच वेळ गरगरत राहिली.

बबनचा चेहरा जळालेल्या मोटारीसारखा काळा पडला. मी दुरुस्ती करायला गेलो. "क... क..." एवढंच येत होतं. वडा घशात की शब्द, काही कळत नव्हतं. एका माणसाचे दोन डोळे वाचवायचे होते, दोन अक्षरांचं काम होतं, आणि मी ते बुडवून बसलो होतो!

मावशी हलली नाही. मग तिनं हळूच पदर मागं सारला. चाळीस वर्षांत त्या घरानं न बघितलेली गोष्ट बघितली. तिनं मान वर करून, ते पांढुरके डोळे नेमके माझ्या तोंडावर रोखले.

"वरीस झालं मरून, तरी हट्ट सुटंना व्हय?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुमी म्हणलं माह्यारी जाऊ नको, न्हाई गेले. तुमी म्हणलं पोरीला साळंतून काढ, काढली. रडले, पण काढली. तुमच्या संगं सगळं पाळलं. आता तुमी गेलात, अन् म्या हाय. जेवा पोटभर, काई कमी पडू देनार न्हाई. पर डोळे माजे हायेत. सोमवारी जायलेय म्या परभनीला. तुमाला सांगायलेय. इचारीत न्हाई."

वर पत्र्यावर धाडकन काहीतरी उतरलं. नखं खरवडल्याचा आवाज आला. कावळ्यानं घास उचलला. वरच्या अप्पांनी घास घेतला आणि खालच्या अप्पांना असा ठसका लागला की टोपी उडून कढीत पडली.

टोपी निघाली तसा कुत्रा उठला, माझ्याकडं अनोळखी नजरेनं बघून गुरगुरला आणि पायऱ्या उतरून गेला. मी पाटावरच पाय पोटाशी घेतले. म्हणजे मी परत आलो होतो.

बबननं मला गोठ्यामागं नेलं. "दाजी! दोन अक्षरं! दोन!"

"पण झालं ना काम?"

"ते झालं. पण ते नाव तुमाला कुणी सांगितलं?"

"कुठलं?"

"सोनपेठकरीण. मला पोटच्या पोराला म्हाईत न्हाई. मायला इचारलं, तर ती म्हणायलीय, ते नाव आमच्या दोघांच्या भाईर कधी गेलंच न्हाई."

मावशीचं माहेर सोनपेठ, एवढं मला माहीत होतं. आपल्याकडं बायकोला माहेरच्या गावाच्या नावानं हाक मारायची चाल आहेच. तोंडाला येईल ते आलं असेल. असेल ना? बबननं माझ्यापासून एक पाऊल लांब उभं राहून मोटारीचा विषय काढला.

परतीच्या एसटीत मी सुनंदाला म्हटलं, "मला वाटतं, अप्पा खरंच माझ्या अंगात आले होते गं."

"नावाचं मला माहीत नाही," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण तो 'न्हाई' अप्पांचा नव्हता."

"मग?"

"तुमचाच होता. मी शिवणक्लास काढते म्हटलं तेव्हा असाच खाकरून आला होता. स्कूटी शिकते म्हटलं तेव्हा पण. सव्वीस वर्षं ऐकतेय, ओळखणार नाही का?"

एसटी खड्ड्यातून गेली. मी विचार करत होतो की हा 'न्हाई' मी तरी कुणाकडून घेतला? माझ्या बापाकडून. त्यानं त्याच्या बापाकडून. पाटावर अप्पा आले, की अप्पांच्या तोंडून आधीपासून बोलणारा कुणी तिसराच आला? त्या दिवशी मला भुताची भीती वाटली नाही. भूत परकं असतं. हे तर घरचंच निघालं.

मावशीचे दोन्ही डोळे झाले. पट्टी काढली त्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. तिनं मला उजेडात बोलावलं. वरून खाली न्याहाळलं. खालून वर न्याहाळलं.

"सुनंदे, पाटावर हेच बसले व्हते?"

"हेच."

"अगं बाई!" मावशी अशी हसली की नर्स धावत आली. "अन् म्या लय मोठ्या माणसाला उलटं बोलले म्हणून चार दिस झोपले न्हाई!"

यंदाचं पित्तर पुढच्या महिन्यात आहे. कालच बबनचा फोन आला. म्हणाला, दाजी, ह्या बारीला बी तुमीच बसा, मायचा निरोप हाय. तिला अप्पाला अजून लय काई सुनवायचं राहिलंय.

मी हो म्हटलं. फोन ठेवला तर सुनंदा समोर. म्हणाली, "मावशीचं उरकलं की पाटावरून लगेच उठू नका. तिच्यामागं माझा नंबर आहे."

"अगं, पण मी अजून जिवंत आहे!"

"असू द्या," ती म्हणाली. "पाटावर बसल्यावर निदान ऐकून तरी घेता."