नंबर पाहिजे ३७८३

"बाई, आज कितीवर आलं?"

सिद्रामप्पांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि रोजचाच प्रश्न विचारला. मी रजिस्टर उघडून शेवटची नोंद बघितली.

"सदतीसशे एकसष्ट."

त्यांनी खिशातली छोटी वही काढली, आकडा लिहिला आणि बोटांवर हिशेब केला. सलग बारावा दिवस. आमच्या ऑफिसात क्रिकेटचा स्कोअर विचारायला लोक रेडिओपाशी जायचे, हे गृहस्थ माझ्या खिडकीशी यायचे.

मी त्या काळी सोलापुरात वाहनांच्या नोंदणीच्या टेबलावर क्लार्क होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. काम सोपं होतं. नवी गाडी आली की इन्स्पेक्टर अंगणात जाऊन इंजिन नंबर आणि चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला आकडा, कागदाशी ताडून बघायचे. कागद माझ्याकडे यायचे. मी रजिस्टरात पुढचा नंबर टाकायचे, साहेब सही करायचे. स्कूटर असो, मोटार असो की ट्रॅक्टर, आमच्याकडे सगळे एकाच ओळीत. दिवसाला चार गाड्या आल्या तर भरपूर.

आवडीचा नंबर मागायला लोक तेव्हाही यायचे. कुणाला १११ पाहिजे, कुणाला बेरीज नऊ पाहिजे. कुणाला ज्योतिषानं शेवटी शून्य नको म्हणून सांगितलेलं. साहेबांचं सगळ्यांना एकच उत्तर असायचं, "तुमच्या पुढच्याला जो मिळेल, त्याच्या पुढचा तुम्हाला."

सिद्रामप्पांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. कित्येक वर्षं नंबर लावून ठेवल्यावर त्यांना अँबॅसडर मिळाली होती. पांढरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. पण त्यांना पाहिजे होता ३७८३. ना चारी आकडे सारखे, ना दिसायला देखणा. बेरीज केली तर एकवीस. मी म्हटलं, "सिद्रामप्पा, लोक लग्नाला सुद्धा एवढा मुहूर्त बघत नाहीत. या नंबरात आहे काय?"

"आहे काहीतरी," एवढंच म्हणायचे.

साहेबांना तर वेगळाच संशय आला, गाडी चोरीची तर नाही ना. त्यांनी इन्स्पेक्टरला गाडीचा चेसिस नंबर दोनदा तपासायला लावला. गाडी धुतल्या तांदळासारखी निघाली.

नंबरचं हे खूळ त्यांनी परदेशातून आणलेलं. आदल्या वर्षी ते टॉवेलच्या प्रदर्शनासाठी जर्मनीला जाऊन आले होते. येताना लंडनला थांबले. आमच्या बाकावर बसून ते त्या गोष्टी सांगायचे, आणि काम नसलं की साहेबही केबिनच्या दारात येऊन उभे राहायचे.

"जर्मनीत काय साहेब, आपल्या नावाची अक्षरं मागायची. थोडी फी जास्त. शिल्लक असली तर देतात, विषय संपला. लंडनचा आमचा एजंट आहे, त्याची गाडी एकदम खटारा, दार दोरीनं बांधलेलं. पण पाटीवर त्याच्या आजोबांच्या नावाची अक्षरं. तो म्हणाला, नुसती पाटी विकली तर नवी गाडी येईल. पण विकणार नाही."

"पाटीच्या किमतीत गाडी?" साहेब म्हणाले.

"व्हय तर! आणि हाँगकाँगचा एक व्यापारी भेटला, तो म्हणाला, त्यांच्याकडे शुभ नंबरांचा चक्क लिलाव होतो. पैसे धर्मादायाला जातात. आपल्याकडे काय पडतं साहेब?"

"आपल्याकडे फुकट आहे," साहेब म्हणाले. "फक्त मागता येत नाही."

अडचण वेगळीच होती. गाडी पुण्याहून तात्पुरत्या नंबरावर आलेली. तो महिनाभर चालतो, तेवढ्यात पक्की नोंदणी व्हायला पाहिजे. त्यांच्या महिन्यातले पाच दिवस उरले होते आणि ३७८३ च्या आधी एकवीस गाड्या व्हायला पाहिजे होत्या. रोजच्या चारच्या हिशेबानं एक गाडी कमी पडत होती.

"बाई, एक विचारू? तेवढा नंबर राखून ठेवता येत नाही का?"

"नाही."

"मग गाड्या वाढवता येतात का?"

"त्याला कुणाची ना नाही."

मी हे चेष्टेत म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एमआयडीसीतल्या चार जणांना धरून आणलं. चौघांच्या नव्या स्कूटरी. नोंदणीला आज येतो, उद्या येतो करत बसलेले. सिद्रामप्पा स्वतः त्यांचे फॉर्म भरत होते. एकजण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, शेठ एवढे प्रेमानं का वागाय लागलेत? आमाला भीती वाटाय लागली."

मग मात्र आकडा इतका वेगानं सरकला की ते घाबरले. आता पुढं जाऊ नये म्हणून काळजी. तिसऱ्या दिवशी एकजण स्कूटर घेऊन आला, तर त्याला यांनी फाटकातच अडवून चहाला नेलं आणि दुसऱ्या दिवशी यायला पटवलं. साहेबांनी खिडकीतून बघितलं. "हा माणूस आपलं ऑफिस चालवतोय," म्हणाले.

शेवटचा दिवस उजाडला. रजिस्टरात ३७८० पर्यंत नोंदी. अंगणात पहिली एक स्कूटर, मग दुधनीच्या मल्लिनाथ नावाच्या शेतकऱ्याचा नवा लाल ट्रॅक्टर, आणि तिसरे सिद्रामप्पा. स्कूटरला एक्याऐंशी, ट्रॅक्टरला ब्याऐंशी, आणि मग हे. त्यांनी गाडीला झेंडूचा हार आणला होता, पेढ्याचा पुडा डिकीत ठेवला होता. मलाही खरं सांगायचं तर हुरहुर लागली होती. सरकारी नोकरीत असे दिवस थोडे.

स्कूटर झाली. ट्रॅक्टरचे कागद माझ्याकडे आले. सिद्रामप्पा तेव्हा बाहेर इन्स्पेक्टरसमोर बॉनेट उघडून उभे होते. मी टाक शाईत बुडवला, ट्रॅक्टरची नोंद केली, ३७८२. पान उलटलं, तर टाचणीनं खाली दुसरा फॉर्म लावलेला. ट्रॉलीचा.

लोकांना हे माहीत नसतं. ट्रॅक्टर आणि मागची ट्रॉली ही कायद्यानं दोन वाहनं. दोघांना वेगवेगळे नंबर. मला मात्र हे इतकं पाठ होतं की हातानं डोक्याला विचारलंच नाही. मी लिहिलं, ३७८३, ट्रेलर, टीपकागद दाबला, आणि मग वाचलं.

मी खिडकीतून अंगणात बघितलं.

ट्रॉली होती कुठे? फाटकाबाहेर, झाडाखाली. अंगणात वळत नव्हती म्हणून तिकडेच सोडलेली. इन्स्पेक्टर बाहेर जाऊन तपासून आले होते. सिद्रामप्पांनी अंगणातली चाकं मोजली, फाटकाबाहेरची मोजली नाहीत. आणि मीही नाही.

शाई अजून ताजी होती. शाई खरवडायचं ब्लेड ड्रॉवरमध्येच होतं. मनात आलं, आणि कबूल करते, पुरतं मिनिटभर मनात राहिलं. मग रजिस्टर उचललं आणि साहेबांकडे गेले.

साहेबांनी नोंद बघितली. चष्मा काढला.

"ट्रॅक्टरवाला लाइनीत पुढे होता?"

"हो."

"कागद पुरे?"

"हो."

"मग तुमची चूक काय?"

"सिद्रामप्पांना आधी सांगायला पाहिजे होतं, साहेब. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं असतं, ट्रॉली माझ्या मागे लावता का म्हणून."

"असं सांगायचं कुठल्या नियमात आहे?" असं म्हणून त्यांनी पेन उघडलं. पण सही करताना दोनदा थांबले. "खाडाखोड केली तर दोघांच्या नोकऱ्या जातील, बाई. आणि हाच नंबर पुढच्या मालिकेत यायला वर्षं जातील. जा. सांगा त्यांना."

सिद्रामप्पा हात पुसत आत आले. सोबत मल्लिनाथही, कागद घ्यायला. मी उभं राहून सांगितलं. बसून सांगवेना.

सिद्रामप्पांनी खिशात हात घातला. बोलले ते मल्लिनाथ.

"आमच्या ट्रॉलीला लई शुभ नंबर लागला म्हणा की!"

"शुभ नाही हो," सिद्रामप्पा म्हणाले, आणि खिशातून काहीतरी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. रुपयापेक्षा थोडा मोठा पितळी बिल्ला. कडा झिजलेल्या. मधे आकडा, ३७८३.

"मी गिरणीत बदली कामगार होतो. सतरा वर्षांचा. बदली म्हणजे कुणी गैरहजर असला तरच काम. रोज पहाटे गेटवर उभं राहायचं. आठ महिन्यांनी हा बिल्ला मिळाला. त्या दिवशी आईनं याला हळदकुंकू वाहिलं. नाव कुणी विचारत नव्हतं, याच नंबरानं हाक मारायचे. म्हटलं, पहिल्या गाडीवर हाच घालावा."

मल्लिनाथांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. त्यांचा आवाजच बदलला.

"आदी सांगायचं की ओ! आमी ट्रॉली मागं सारली असती. ज्वारीचं पोतं काय ट्रॉलीचा नंबर बघून चढतंय व्हय? बाई, द्या त्यास्नी. आमाला कुठला बी चालतोय."

"आता होत नाही हो," मी म्हटलं. "सही झाली."

"सहीच हाय न्हवं? दुसरी करायला सांगा."

मी मान हलवली. मग ते दोघं कानडीत बोलायला लागले. मला निम्मंच कळलं. मल्लिनाथ परत परत हात जोडत होते आणि सिद्रामप्पा त्यांचे जोडलेले हात सोडवत होते.

शेवटी सिद्रामप्पांनी स्वतःचे कागद पुढे केले. "लिहा बाई. कितवा येतो?"

"सदतीसशे चौऱ्याऐंशी."

ते थबकले. "चौऱ्याऐंशी," पुन्हा म्हणाले, आणि बाकावर बसले. मला वाटलं, चक्कर आली. मी पाण्याचा पेला पुढे केला.

"लच्मय्या," ते म्हणाले. "हा लच्मय्याचा नंबर आहे."

गेटवर ते पुढे उभे असायचे आणि त्यांच्या मागे लच्मय्या नावाचा तेलुगू मुलगा. बिल्ला एकाच दिवशी मिळाला, म्हणून लागोपाठचा. तुटलेल्या सुताला गाठ कशी मारायची ते सिद्रामप्पांना त्यानंच शिकवलेलं. पुढे सिद्रामप्पा गिरणी सोडून निघाले, चार माग घेतले, मग कारखाना. लच्मय्या गिरणीतच राहिला.

"आता कुठं असतात?" मी विचारलं.

"इथंच. पूर्व भागात. सायकलनं गेलं तर दहा मिनिटं." ते बिल्ल्याकडे बघत होते. "मालक झाल्यावर एकदाही गेलो नाही. पोरीच्या लग्नाची पत्रिका आली होती त्याची. आहेर पाठवला. माणसाबरोबर."

मी नंबर लिहिला. साहेब स्वतः बाहेर येऊन टेबलाशी सही करून गेले, जे ते कधी करत नसत. पेढे वाटले गेले. मल्लिनाथांनी झेंडूच्या हारातलं एक फूल मागून घेतलं आणि ट्रॉलीला खोचलं.

आठवड्यानं पांढरी अँबॅसडर पुन्हा आमच्या अंगणात शिरली. आता पाटी रंगवलेली. मागच्या सीटवरून एक किडकिडीत म्हातारा उतरला, स्वच्छ धोतर, टोपी. उभी हयात मागांच्या खडखडाटात गेल्यानं त्याला कमी ऐकू येत होतं, म्हणून तो सगळं मोठ्यानं बोलायचा. पाटीसमोर वाकून त्यानं चारही आकड्यांवरून अंगठा फिरवला आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असा ओरडला,

"सिद्राम, माझा नंबर ढापला की रे तू!"

सिद्रामप्पा इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं. म्हातारा माझ्याकडे वळला. "बाई, याला नंबर कितीला दिला?"

"नंबराचे पैसे घेत नाही आपण," मी ओरडून सांगितलं.

"फुकट? मग बरोबर हाय. इकत घेतला असता तर वाटणी मागितली असती." आणि सिद्रामप्पांचा हात धरून तो पुन्हा गाडीत बसला, या खेपेला पुढे.

मी नंतर बरीच वर्षं त्या टेबलावर काढली. विलायतेत पाटीला काय पडतं आणि हाँगकाँगला काय, याच्याशी माझा पुढे कधी संबंध आला नाही. पण त्या दिवसापासून ट्रॅक्टरचे कागद हातात आले की टाक शाईत बुडवण्याआधी मी एक प्रश्न विचारायचे, "ट्रॉली आहे का?" आणि तो जरा मोठ्यानं विचारायचे, लाइनीतल्या मागच्यांनाही ऐकू जाईल असा.