तनुजानं तोंड मिटलं तेव्हा

बी विंगमधली तनुजा नवऱ्याला सोडून जर्मनीला चालली, अशी पुडी सोसायटीचे सेक्रेटरी रंगराव यांनी लिफ्टमध्ये सोडली. लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तिचा व्हिसासुद्धा आला होता! पुरावा? बाई बाल्कनीत एकटीच इंग्रजीत कुणाला तरी विनवत होती.

विनवत होती ती वाळत घातलेल्या चादरीला. तालीम चालली होती हो!

वाघोलीच्या या नव्या घरात यंदा पहिल्यांदा महालक्ष्म्या बसायच्या होत्या. अमरावतीहून आई आणि सासू दोघी येणार, आणि नेमकं जेवणाच्या दिवशीच जर्मन साहेबाला नवं सॉफ्टवेअर सुरू करून हवं. टीमची प्रमुख तनुजा. तारीख आठवडाभर पुढे ढकलून घ्यायची तिनंच.

इंग्रजी तिचं फर्डं. अडचण अमरावतीच्या पाहुणचाराची. समोरचा गप्प बसला की हिचा जीव कासावीस. पाहुणा चहाला काही बोलला नाही की लगेच सरबत, नाहीतर चिवडा! मागच्या मीटिंगमध्ये साहेब नुसता चष्मा पुसत होता, तेवढ्यात हिनं मागितलेले चार दिवस आपणच दोन केले, मग "नो प्रॉब्लेम" म्हणत तेही सोडले.

"अवं, पण तो नाही म्हणाला कुठं होता?" नवऱ्यानं, तेजसनं, कपाळावर हात मारला.

या वेळच्या मीटिंगमध्ये मात्र कमाल! आठवडा कशाला हवा, त्यात कुठल्या चाचण्या होतील, साहेबाचा फायदा काय, सगळं तिनं मोजक्या इंग्रजीत मांडलं. "पुढचा सोमवार चालेल?" विचारलं आणि तोंड मिटलं.

साहेबानं चष्मा काढला. पुसला. तनुजाच्या जिभेवर "नो प्रॉब्लेम" येऊन उभं! टेबलाखाली ओढणीचा पार बोळा झाला. साहेब छताकडे बघतोय, ही साहेबाकडे...

"ओके," साहेब म्हणाला. "मंडे."

महालक्ष्म्यांच्या जेवणाला रंगराव पहिल्या पंगतीत. शनिवार पेठेत हयातभर भांडी विकलेला माणूस, पुरणपोळीवर तूप ओतून घेत म्हणाला, "अहो तनुजाबाई, साहेबाला पटवायला क्लास कुठला लावलात?"

"क्लास कसला, काका? मी पार्किंग मागायला आले होते, तेव्हा तुम्ही 'जमणार नाही' एवढंच म्हणून पेपर उघडलात, पुढं चकार शब्द नाही, आणि मीच सॉरी म्हणून घरी आले. तिथंच शिकले. आता पुन्हा मागते, पार्किंग द्या. उत्तर येईपर्यंत मी बोलणार नाही, आणि वाढणारही नाही."